अडीचरावांचं प्रामाणिक मत

अडीचरावांनी लॅपटॉपला कव्हर घ्यायचं ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं. आता लॅपटॉपला कव्हर घेणं हा काही गुन्हा नव्हे. चारचौघं घेतात, त्यांचं काही बिघडत नाही. पण काही माणसांचं नशीबच असं असतं की त्यांनी साधा रुमाल घेतला तरी घरात पंचायत बसते.

अडीचराव हे त्यांचं खरं नाव नाही, हे सांगायला नकोच. खरं नाव हजेरीपटावर आहे आणि तिथे ते सुखात आहे. एका जुन्या कचेरीच्या रेकॉर्ड विभागात ते कारकून होते. जुन्या फायली शोधून देणं हे त्यांचं काम, आणि 'घरपोच' नावाच्या वेबसाइटवर घेतलेल्या वस्तूंबद्दल मतं लिहिणं हे त्यांचं जीवितकार्य. (दोन्हींपैकी कशावर जास्त वेळ जायचा हे हेडक्लार्कना विचारू नये.) तिथे त्यांनी 'रोखठोक' असं नाव घेतलं होतं. सहा वर्षांत सहाशे अकरा मतं लिहिली आणि सहाशे अकराच्या सहाशे अकरा वस्तूंना अडीच तारे दिले. पाचापैकी अडीच. एक जास्त नाही, एक कमी नाही.

यामागे त्यांचं तत्त्व होतं. पाच तारे दिले की बनवणारा निवांत होतो, एक दिला की तो खचतो, अडीच दिले की तो जागा राहतो, असं ते म्हणत. दिनदर्शिकेचं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा त्यांनी लिहिलं, 'सोमवार बरोबर दाखवतं. मंगळवारही. पण तेवढं भिंतीवरचं कॅलेंडरही दाखवत होतं, आणि त्याला पासवर्ड नव्हता. अडीच तारे.' फोटो सांभाळून ठेवणाऱ्या वेब सेवेबद्दल लिहिलं, 'एकही फोटो हरवू देत नाही. माझ्या अंगठ्याचे एकशे चाळीस फोटो आता कायमचे सुरक्षित आहेत. अडीच तारे.' हवामान सांगणाऱ्या ॲपने पाऊस सांगितला आणि तो आला, तरी दहा मिनिटं उशिरा आला म्हणून अडीच.

हे सगळं वेबसाइटपुरतं राहिलं असतं तर कुणाचं काही गेलं नसतं. पण ही सवय कचेरीतून घरी यायची. लेकीने परीक्षेचा निकाल दाखवला की 'मांडणी चांगली आहे, मजकुराला वाव आहे.' बायकोने पडदे बदलले की पडद्याची दोन्ही टोकं पट्टीने मोजून व्हायची. ते पडदे त्याच संध्याकाळी कपाटात गेले आणि पुन्हा कधी खिडकीला लागले नाहीत. हळूहळू घरात असा रिवाज पडला की नवीन काहीही असलं तरी ते जुनं होईपर्यंत बाबांना सांगायचं नाही.

अर्थात लपवालपवी एकाच बाजूने नव्हती. अडीचरावांनी तिसरा लॅपटॉप घेतला तेव्हा वहिनींनी (म्हणजे त्यांच्या बायकोने, आपण वहिनीच म्हणू) त्यांच्याकडून वचन घेतलं होतं की आता बास. ते वचन त्यांनी पाळलं. पुरते अकरा महिने पाळलं. मग एक असा लॅपटॉप निघाला की दोन बोटांत धरून उचलता यायचा, आणि त्यांचा तोल गेला. तो चौथा लॅपटॉप घरी नेण्याची सोय नव्हती, म्हणून रेकॉर्ड विभागातल्या लोखंडी कपाटात, रद्द झालेल्या अर्जांच्या मागे तो राहायचा. ('वजनाला हलका. इतका हलका की पिशवीत आहे की नाही हे बघायला तीनदा पिशवी उघडावी लागते. अडीच तारे.')

कपाटाचा पत्रा कडेला गंजलेला. नव्या वस्तूवर ओरखडा पडेल या भीतीने अडीचरावांचं कामात लक्ष लागेना. तेव्हा त्यांनी 'घरपोच'वर शोधून 'दोन टाके' नावाच्या एका नव्या दुकानातून जाड निळ्या कापडाचं, आत कापूस भरलेलं, हाताने किनार घातलेलं कव्हर मागवलं. पत्ता अर्थात कचेरीचा. 'घरपोच'चा नियम असा की घेणाऱ्याला विकणाऱ्याचं नाव कळत नाही आणि विकणाऱ्याला घेणाऱ्याचं. दोघांच्या मध्ये त्यांचा माणूस स्कूटरवरून फिरतो.

कव्हर आलं, आणि खरं सांगायचं तर अडीचराव त्यावर भाळले. लॅपटॉप आत सरकवला की तो 'हुश्श' करून बसायचा. कव्हरच्या कोपऱ्यांवर कापड असं दुमडलेलं होतं की बोट फिरवावंसं वाटे, आणि ते दिवसातून चार वेळा फिरवतही. जेवणाच्या सुट्टीत नुसतं मांडीवर घेऊन बसत. सहा वर्षांत सहाशे वस्तू हाताखालून गेल्या, पण असं कशाचंच झालं नव्हतं.

पण चाचणी म्हणजे चाचणी. त्यांनी चेन दोनशे वेळा उघडझाप केली (एकशे साठाव्याला हेडक्लार्कनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं). पट्टी लावून किनारीचे टाके मोजले. एका कडेला इंचात अकरा, दुसऱ्या कडेला अकरा, आणि डाव्या कोपऱ्यात नऊ. मग सोमवारी दुपारी मत लिहायला बसले. मनात कौतुक होतं, पण हाताला सवय निराळी होती. 'डाव्या कोपऱ्यात इंचाला नऊच टाके. शिवणाऱ्या व्यक्तीचं लक्ष त्या वेळी दुसरीकडे असावं. चेन चालते. निळा रंग निळा आहे. अडीच तारे.' बटण दाबलं आणि मोकळे झाले.

त्या संध्याकाळी घरी आले तर घर गप्प. शिवणाच्या यंत्रावर झाकण. वहिनींनी चहा दिला, तो न बोलता.

"बरं नाही का?" अडीचरावांनी विचारलं.

"बरी आहे."

"मग चेहरा असा का?"

"चेहऱ्यालाही द्यायचे का काही तारे?" वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. अडीचराव चहा प्यायले. चहा कोमट होता, पण आज ते बोलू नये एवढं त्यांना कळलं.

मंगळवारी ते जरा लवकर सुटले. दाराशी बूट काढत होते तोवर आतून मायलेकींचं बोलणं कानावर आलं.

"नऊ टाके म्हणे," वहिनी म्हणत होत्या. "त्या संध्याकाळी कुकरकडे बघत बघत कोपरा घातला होता मी. पण मोजले गं त्याने. पट्टी घेऊन टाके मोजणारा माणूस कसा असेल?"

"बिनकामाचा असेल, आई."

"लग्न झालं असेल का त्याचं?"

"झालं असेल तर तिचं कठीण आहे."

"बिचारी," वहिनी अगदी मनापासून म्हणाल्या. "कुठे असेल तिथे सुखी राहो."

अडीचराव एका हातात एक बूट घेऊन तसेच उभे राहिले. टाके मोजणाऱ्या या माणसाला तीन आठवडे स्वतःच्या घरातल्या फरशीवर निळ्या कापडाच्या चिंध्या पडलेल्या दिसल्या नव्हत्या. एकदा तर पायमोज्याला निळा दोरा चिकटला होता, तो त्यांनी झटकून टाकला होता आणि बसस्टॉपकडे गेले होते.

आतलं बोलणं चालूच होतं. त्यातून त्यांना कळलं ते असं. 'घरपोच' नव्या दुकानाला एक महिना देतं. महिन्याच्या शेवटी सरासरी पावणेपाच तारे असले तर दुकान राहतं, नाहीतर ते उचलतात. वहिनींची गिऱ्हाइकं सात. सहाजणांनी पाच पाच तारे दिले होते आणि एकाने अडीच. लेकीने हिशेब करून सांगितलं, चार पूर्णांक चौसष्ट. मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत.

"बावीस वर्षं लोकांच्या पँटी खालून दुमडून देतेय मी," वहिनी म्हणाल्या. "लोकांनी आणलेलं कापड, लोकांचंच माप. हे एक पहिल्यांदा माझ्या मनाने शिवलं. मला हे दुकान हवंय गं. फार हवंय."

"बाबांना सांगू या का? काही सुचवतील."

"नको. त्यांनी आणखी अडीच दिले तर मी यंत्रच विकीन."

अडीचरावांनी बूट परत पायात घातले, कोपऱ्यापर्यंत चालत गेले आणि नेहमीच्या वेळेला घरी आले. ते बूट परत घालताना डाव्याचा उजव्यात गेला होता, पण ते त्यांना घरी आल्यावर कळलं.

बुधवारी कचेरीत गेल्या गेल्या त्यांनी मत बदलायचा प्रयत्न केला. तर तिथेही नियम. एकदा दिलेलं मत बदलायचं तर आधी विकणाऱ्याने वस्तू दुरुस्त करून दिली पाहिजे. त्यांनी दुकानाला निरोप पाठवला. 'दुरुस्तीची गरज नाही. मी पूर्ण समाधानी आहे. दुरुस्त केली एवढं फक्त लिहा, मी तारे वाढवतो.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. भाषा लेकीची होती, पण आवाज त्यांना बरोबर ओळखू आला. 'दयेचे तारे नकोत. कव्हर परत पाठवा. कोपरा उसवून नव्याने शिवून देईन. मग पट्टी लावा आणि काय ते लिहा.'

बाईचा स्वाभिमान बघून अडीचरावांना इतका अभिमान वाटला की ते हेडक्लार्कना सांगणार होते. मग आठवलं की सांगता येणार नाही. त्यांनी लॅपटॉप कव्हरातून काढून रद्द अर्जांच्या मागे उघडाच ठेवला आणि कव्हर स्कूटरवाल्याच्या हाती दिलं.

गुरुवारी संध्याकाळी घरात शिरले तर जेवणाच्या टेबलावर मध्यभागी त्यांचं कव्हर. दिव्याखाली. एका बाजूला वहिनी, एका बाजूला लेक.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती सांगायचीय."

असं म्हणून त्यांनी दुकानाचं सगळं सांगितलं. अडीचरावांनी योग्य त्या जागी 'अच्छा' आणि 'असं होय' म्हटलं. (हा अभिनय लेकीला तेव्हाच जरा जास्त वाटला होता, असं तिने मागाहून सांगितलं.) "आता त्या माणसाकडे हे परत जाणार," वहिनी म्हणाल्या, "त्याच्याआधी तुम्ही बघा. त्याला जे दिसेल ते सगळ्या जगात फक्त तुम्हाला दिसेल. ही घ्या पट्टी."

अडीचरावांनी स्वतःच्या कव्हरला पट्टी लावली. टाके मोजले. अकरा, अकरा, बारा. "छान आहे," ते म्हणाले.

"छान म्हणजे किती तारे?"

"पाच."

लेकीने आईकडे बघितलं. वहिनींचे डोळे भरून आले.

"इतकं वाईट झालंय का?" त्या म्हणाल्या.

"अगं, पाच म्हणतोय मी."

"तेच तर. तुमच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला तुम्ही अडीच दिले होते. मला पाच देताय म्हणजे तुम्हाला माझी कीव आलीय. राहू द्या. बंदच होऊ दे ते दुकान."

त्यांनी कव्हर उचललं तसे अडीचराव घायकुतीला आले. "कीव कसली आलीय," ते म्हणाले. "ऐक तरी. हा कोपरा तू असा दुमडलायस की सारखं बोट फिरवावंसं वाटतं. माणूस कामात असला तरी फिरवतो. आणि लॅपटॉप आत सरकवला की तो कसा हुश्श करून बसतो, तो आवाज ऐकायला मी दिवसातून तीनदा काढून परत घालतो. सहा वर्षांत इतकी सुंदर वस्तू माझ्या हाताला लागली नाही. तुझ्याशपथ."

वहिनी खाली बसल्या. पदराने डोळे पुसले. हसू फुटणार तेवढ्यात थांबल्या.

"दिवसातून तीनदा कुठला लॅपटॉप घालता?" त्यांनी विचारलं.

अडीचरावांनी पट्टी टेबलावर ठेवली. ती सरळ करून ठेवली. मग उगाच काटकोनात ठेवली.

"बाबा," लेक सावकाश म्हणाली, "रोखठोक तुम्ही आहात?"

पुढच्या पंधरा मिनिटांत काय झालं त्याचा तपशील न दिलेला बरा. वहिनींनी आवाज चढवला नाही, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "म्हणजे ती बिचारी मीच का?" आणि बराच वेळ छताकडे बघत बसल्या. चौथ्या लॅपटॉपचा विषय रविवारसाठी राखून ठेवण्यात आला. मग वहिनींनी लेकीला 'दुरुस्त केलं' असं लिहायला सांगितलं आणि घरचा तिसरा लॅपटॉप नवऱ्यासमोर सरकवला.

"कीव म्हणून नाही. आत्ता जे बोललात ते लिहा. तेवढंच."

अडीचरावांनी लिहिलं. कोपरा लिहिला, हुश्श लिहिलं, निळा रंग कसा आहे तेही या वेळी नीट लिहिलं. मग पाचव्या ताऱ्यावर बोट नेलं. त्या ताऱ्याला त्यांनी सहा वर्षांत कधी हात लावला नव्हता. वहिनी बघत होत्या. त्यांनी डोळे मिटून दाबलं.

शुक्रवारी 'घरपोच'कडून पत्र आलं. 'आपल्या खात्यावर संशयास्पद हालचाल आढळल्याने खातं गोठवण्यात आलं आहे. नवीन मत रोखलं असून चौकशी होईपर्यंत जुनं मत कायम राहील.' जुनं म्हणजे अडीचवालं. दिवसभर मदतीचा फोन लागला नाही. शनिवारी सकाळी सव्वाअकराला लागला. लेक घड्याळाजवळ उभी होती. वहिनी सुईत दोरा ओवत होत्या आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता.

पलीकडे एक शांत आवाजाच्या बाई होत्या. "सर, आमच्या सॉफ्टवेअरला तुमच्या खात्यावर विचित्र वागणूक दिसली."

"कसली?"

"पाच तारे, सर. सहाशे अकरा वेळा अडीच देणारा माणूस अचानक पाच देतो आणि वर 'सुंदर' असा शब्द वापरतो. सॉफ्टवेअरचं म्हणणं आहे की खातं चोरीला गेलंय."

"अहो, माझंच आहे ते. मीच दिले पाच."

"मग अडचण येते. तुम्ही खरे मालक असाल, तर ते मत तुमचं असू शकत नाही, असं सॉफ्टवेअर धरून चालतं. मी ते पाच तारे चोराचे म्हणून काढून टाकते, जुनं मत लावते, आणि तुमची सगळी मतं जशीच्या तशी परत मिळतील. ठीक आहे?"

"आणि खातं खरंच चोरीला गेलं असेल तर?"

"तर ते बंद होतं. त्यातलं प्रत्येक मत जातं. नवं, जुनं, सगळं."

अडीचरावांनी फोनवर हात ठेवला. सहाशे अकरा मतं. दोन दोन दिवस खपून लिहिलेली. त्यातल्या प्रत्येकात त्यांचं काही ना काही होतं. ती दिनदर्शिका, ते अंगठ्याचे फोटो. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर त्यांचं पुस्तक काढावं असंही त्यांच्या मनात होतं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वहिनींनी सुई तोंडासमोर धरली होती आणि त्या दोऱ्याकडे बघत नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या.

"बाई," अडीचराव म्हणाले, "मी तो नाही."

"म्हणजे, सर?"

"खातं माझं नाही. मी चोरलं."

वहिनींच्या हातातली सुई खाली पडली.

"नीट विचार करून सांगा, सर. त्या गृहस्थांची सहा वर्षांची मतं जातील. सहाशे अकरा."

"जाऊ द्या," अडीचराव म्हणाले.

पलीकडून बटणांचा आवाज आला. "झालं. खातं बंद केलं."

लेकीने लॅपटॉप आईसमोर फिरवला. सहा मतं, सरासरी पाच. 'दोन टाके' कायम. वहिनी उठून आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत त्यांनी असा हात ठेवला नव्हता असं नाही, पण असा दाबला नव्हता. अडीचरावांना भरून आलं. आपण काहीतरी मोठं केलं, आपल्या हयातीची कमाई घरावरून ओवाळून टाकली, असं त्यांना वाटलं, आणि ते चुकीचं नव्हतं. आता हा त्याग पलीकडच्या बाईंना कळणार नाही, उलट चोर म्हणून चार शब्द ऐकावे लागतील, याचीही त्यांनी तयारी केली.

"मग आता," ते म्हणाले, "माझ्यावर पोलिसात तक्रार वगैरे?"

"छे हो, सर," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली आणला. "तक्रार कोण करतंय. इथे माझ्या शेजारी सगळे उभे राहून ऐकतायत. आम्ही सहा वर्षं वाट बघत होतो, कुणीतरी ते खातं एकदाचं चोरेल म्हणून."

अडीचरावांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," अडीचराव म्हणाले. "आभार मानले."